सुनेनं बिघडवलेली गाडी

माझी गाडी बंद पडली त्या आठवड्यात मला कळलं की आमच्या ओळखीतला प्रत्येक मराठी माणूस जन्मजात मेकॅनिक आहे. डॉक्टर, अकाउंटंट, सॉफ्टवेअरवाले, गणपतीत उकडीचे मोदक करणाऱ्या मावशी, कुणीही अपवाद नाही. त्यांच्यापैकी एकानंही कधी बॉनेट उघडलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही मँचेस्टरच्या उत्तरेला एका उपनगरात राहत होतो. नवरा आयटीत, त्याला कंपनीची गाडी. मी फिजिओथेरपिस्ट, आणि माझं हॉस्पिटल टेकड्यांपलीकडच्या एका गावात. ट्रॅम तिथे जात नाही. बस जाते, पण तिच्या मनात असेल तेव्हा, आणि मधल्या एका ओसाड स्टॉपवर उतरून दुसरी पकडावी लागते. त्या स्टॉपची शेड कुणीतरी विचारपूर्वक वाऱ्याकडे तोंड करून बांधली आहे. म्हणून माझी स्वतःची गाडी होती. छोटी, वांगी रंगाची, माझ्याआधी दोघांनी वापरलेली. ती घेण्याआधी मी ड्रायव्हिंग टेस्टला इतक्या वेळा नापास झाले होते की परीक्षक माझी खुशाली विचारायला लागले होते. 'काही लोकांना नसतंच जमत,' असं नवऱ्यानं तेव्हा अतिशय सहानुभूतीनं सांगितलं होतं. मग मी पास झाले, आणि ती सहानुभूती त्याला परत घ्यावी लागली. त्या गाडीत मी हवी ती गाणी हव्या त्या आवाजात लावायचे, आणि शेजारच्या सीटवरून 'अगं, ब्रेक!' असं कुणी ओरडायचं नाही. संसारात इतकं सुख फार थोड्या जागी मिळतं.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सासरे आमच्याकडे आले. सासूबाई मार्चमध्ये गेल्या होत्या आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे होते. सहा महिन्यांचा व्हिसा काढून मुलानं त्यांना आणलं, विमानतळावरून घरी सोडलं आणि तो ऑफिसला गेला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर ज्या माणसानं पाण्याला कुठे वळायचं ते सांगितलं, तो आता आमच्या सोफ्यावर बसून खिडकीबाहेर विनापरवाना पडणारं पाणी बघत असे. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. भाजी खारट झाली तरी 'छान झालीय' म्हणायचे. पुण्यात याच माणसानं आमटीत गूळ कमी पडला म्हणून सासूबाईंशी तासभर वाद घातलेला मी पाहिला होता. आता ते घरात परक्यासारखे वागत होते आणि मला त्याची भीती वाटत होती. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "ही इज सेटलिंग इन." तो असं बोलला की प्रश्न सुटला असं समजायचं असतं.

मग खंडेनवमी आली. मी कामावरून बसनं आले, कारण त्या दिवशी बाबांनी गाडी मागून घेतली होती. चालवायला नव्हे, पूजेला. शस्त्रं आणि वाहनं पुजायची असतात, आणि आमच्या घरात शस्त्र म्हणण्यासारखी वस्तू म्हणजे पोळपाट-लाटणं. घराशी आले तर गाडी चमकत होती. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, आणि झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातल्या पिवळ्या शेवंतीचा हार वायपरला बांधलेला. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "इज इट हर बर्थडे, लव्ह?" मी हो म्हणून टाकलं. बाबा बाह्या वर करून उभे होते, तोंडावर ग्रीस, आणि हसत होते. आल्यापासून पहिल्यांदा.

"आतून-बाहेरून स्वच्छ केलीय," ते म्हणाले. "काय घाण साठवली होतीस गं!"

मी म्हटलं, "वा, बाबा." आणि मनापासून म्हटलं. त्या रात्री त्यांनी भाजीत मीठ जास्त असल्याचं सांगितलं. मला आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं.

डिसेंबरमध्ये थंडी पडली. इथल्या लोकांना थंडी दर वर्षी नव्यानं भेटते आणि दर वर्षी त्यांना धक्का बसतो, पण त्या वर्षीची खरंच तशी होती. आठवडाभर सगळं गोठलेलं. रस्त्यावर बर्फ होता म्हणून गाडी दारातच उभी होती आणि मी बसस्टॉपच्या शेडचं वास्तुशास्त्र अभ्यासत होते. मग थोडं वितळलं तशी मी गाडी काढली. चढ लागला, तापमानाचा काटा वर जायला लागला, पुढून पांढरी वाफ आली, आणि गाडीनं एक असा आवाज केला की तो ऐकल्यावर आशा ठेवण्यात अर्थ नसतो हे मलासुद्धा कळलं. ब्रेकडाउनवाला आला. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं आणि म्हणाला, "नॉट लुकिंग क्लेव्हर, लव्ह." उत्तरेकडच्या भाषेत याचा अर्थ, दहाव्याची तयारी करा.

गाडी ओढून ज्या गॅरेजमध्ये नेली त्याचे मालक पाकिस्तानातल्या मीरपूरकडचे. बोटांत अंगठ्या, दाराशी त्यांची स्वतःची चकचकीत जर्मन गाडी, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला कामावर फोन आला. "बहनजी, इंजन का ब्लॉक फट गया है. हेड भी गया. अँटीफ्रीझ था ही नहीं इस में. सादा पानी था. जम गया, तो फाड़ दिया. किसने डाला?"

मी म्हटलं, बघते.

घरी येऊन मी चहा केला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, खंडेनवमीला गाडी आतून कशी हो स्वच्छ केलीत?"

बाबा सोफ्यावर पुढे सरकले. बोलायला विषय मिळाला होता. "अगं, रेडिएटरमध्ये हिरवंगार पाणी! शेवाळलेलं. किती वर्षं बदललं नव्हतं कोण जाणे. आमच्या खात्याच्या जीपला ड्रायव्हर रोज सकाळी ताजं पाणी घालायचा, रोज. मी खालून सगळं सोडून दिलं, दोनदा धुतलं आणि फिल्टरचं स्वच्छ पाणी भरलं. वर दोन थेंब गंगाजल."

म्हणजे गाडी पवित्र होऊन गेली होती.

मी काहीच बोलले नाही. 'त्यागमूर्ती सून' म्हणून सत्कार करायचा विचार असेल तर थांबा. मी बोलले नाही कारण मला भीती वाटली. सासूबाई गेल्यापासून या माणसानं स्वतःच्या मनानं केलेली ही एकच गोष्ट होती. ती चुकली हे कळलं तर ते पुन्हा सोफ्यावर मागे सरकतील आणि या वेळी पुढे येणारच नाहीत, असं मला वाटलं. नवऱ्याला सांगावं, तर तो मुलगा कसला, आयटीतला माणूस. त्यानं 'बाबा, रूट कॉज तुम्ही आहात' असं सांगितलं असतं. म्हणून मी घरात एवढंच सांगितलं की इंजिन गेलं.

कारण न सांगता इंजिन गेलं असं मराठी घरात सांगता येत नाही. कारण रिकामं राहिलं की कुणीतरी येऊन त्यात बसतं.

"क्लच," बाबा म्हणाले. "मी बघितलंय. तू सारखा क्लचवर पाय ठेवतेस. इंजिनावर ताण येतो. मग काय होणार?"

क्लचनं इंजिनाचा ब्लॉक फुटत नाही, हे मला आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आता चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "हो का?"

नवऱ्यानं लगेच निकाल दिला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणजे स्क्रॅप. त्यात काही चूक नव्हती. पण पुढे तो म्हणाला, "आणि मग लगेच दुसरी कशाला? वी कॅन मॅनेज विथ वन. ट्रॅम आहे ना."

"ट्रॅम तिकडे जात नाही."

"बस आहे. आणि हे बघ, गाडी मेंटेन करायची सवय लागते. तुला ते कधी नीट जमलं नाहीये." पुन्हा तीच सहानुभूती. इतकी वर्षं त्यानं ती जपून ठेवली होती.

म्हणजे प्रकरण असं होतं. मी तोंड उघडलं तर माझी गाडी वाचत होती, निदान दुसरी मिळत होती, आणि बाबा मुलासमोर उघडे पडत होते. गप्प बसले तर बाबांची अब्रू शाबूत आणि मी वाऱ्याकडे तोंड केलेल्या त्या शेडमध्ये, निवृत्त होईपर्यंत. गंमत म्हणजे बाबा माझ्याच बाजूचे होते. "स्क्रॅप कशाला? दुरुस्त करा. या लोकांना सगळं फेकून द्यायची खोड. बायको आजारी पडली की बदलता का?" असं ते मुलाला ठणकावायचे. आणि मग माझ्याकडे वळून, "पण नंतर क्लच सांभाळ हो."

तेवढ्यात इथल्या मराठी मंडळातल्या एकांकडे पॉटलक होतं. मी मसालेभात नेला, बाबांनी क्लच नेला. जेवणं व्हायच्या आत सगळ्या हॉलला कळलं होतं की सुनेनं गाडी घालवली. एक हार्ट सर्जन म्हणाले, "ट्रान्सप्लांट करा, सेकंडहँड इंजिन बसवा." एक सॉफ्टवेअरवाले म्हणाले, एंड ऑफ लाइफ, मायग्रेट करा. ज्यांना आजवर नवऱ्यानंच सगळीकडे सोडलेलं-आणलेलं आहे अशा एका काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, बायकांचं होतंच क्लचचं." इथेच जन्मलेली त्यांची कॉलेजातली मुलगी तेवढी खऱ्या दुःखानं म्हणाली, "सो सॉरी, काकू. तुझा गाडी मेली?" मी तिला जवळ घेतलं. इतका शुद्ध शोक दुसऱ्या कुणीच व्यक्त केला नव्हता.

मसालेभाताला मात्र सगळ्यांनी नावाजलं. मी हसत होते आणि आतून माझा संताप संताप होत होता. बाबांचा राग येत होता, आणि राग येतो म्हणून स्वतःचाही. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ क्लच ऐकून मी पायांनी चालतानासुद्धा डावा पाय जपून टाकायला लागले होते. एक शब्द बोलले असते तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. तो शब्द कितीदा जिभेवर आला, त्याचा हिशोब ठेवलेला नाही.

इकडे गॅरेजवाले मला दुसरं इंजिन विकायला टपले होते. "एक नंबर माल है, बहनजी, समझो नया." शेवटी त्यांनी सांगितलं, शनिवारपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर जागा अडते. बाबा म्हणाले, "मी येतो. मी स्वतः बघतो. तुला कुणीही गुंडाळेल." मी म्हटलं, थंडी आहे, रस्ता निसरडा आहे, तुमचा गुडघा आहे. ते कोट घालून दारात उभे. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, ही नीड्स अ‍ॅन आउटिंग."

आम्ही बसनं गेलो. वाटेत मी मनातल्या मनात हजार गोष्टी ठरवल्या आणि गॅरेजमध्ये पाय ठेवल्यावर पाच मिनिटांत त्यातली एकही उरली नाही. मालकांनी बाबांना बघून खुर्ची पुसली, चहा मागवला, आणि हिंदीत बोलायला कुणीतरी वडीलधारं मिळालं म्हणून त्यांची कळी खुलली. बाबांनी अनुभवी माणसाच्या थाटात विचारलं, "क्लच से हुआ ना?"

"कौनसा क्लच, अंकल? क्लच तो बिलकुल ठीक है. किसी बेवकूफ ने अँटीफ्रीझ निकालके सादा पानी डाल दिया. वो हरा पानी फेंकने के लिए नहीं होता, अंकल. इस मुल्क में वही तो जान है. देखिए, इधर."

त्यांनी टॉर्च धरला. ब्लॉकवर एक बारीक तडा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाबा वाकले. त्यांनी हातमोजा काढला आणि त्या तड्यावरून बोट फिरवलं. पाणी गोठलं की फुगतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यावर त्यांनी कधीकाळी परीक्षा दिल्या असतील.

मालक माझ्याकडे वळले. "बहनजी, आपने डाला था पानी?"

"हां," मी म्हटलं. "मैंने डाला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मालक मान हलवत म्हणाले, "पूछ लेना चाहिए था ना." मी म्हटलं, हो, विचारायला हवं होतं. बाबा तड्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी हातमोजा घातला, मालकांना हात जोडले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. चहा तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मी वाट बघत होते की आता तरी ते काही बोलतील. काचेवर वाफ धरली होती, तरी ते तिच्यातूनच बाहेर बघत होते. म्हणजे मला ज्याची भीती होती तेच झालं होतं, आणि वर पंधरा दिवसांची बोलणी मी फुकटात खाल्ली होती. मला इतकं थकल्यासारखं झालं की शेडमध्ये दुसऱ्या बसची वाट बघताना मी वाऱ्याला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत.

घरी नवरा मॅच बघत होता. "मग? काय ठरलं?"

"स्क्रॅप कर," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, तुम्हीच तर दुरुस्त करा म्हणत होतात!"

"आता कर म्हणतोय ना. आणि तिला दुसरी घेऊन दे. तिला उत्तम चालवता येते."

"पण क्लचचं तर—"

बाबा स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. ते सिंकसमोर पाठ करून उभे होते, कोट अंगात तसाच. तसेच म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"गॅरेजवाल्यांचा फोन आला तेव्हाच. पहिल्या दिवशी."

"आणि तू ऐकून घेत राहिलीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते वळले. मला वाटलं होतं डोळे भरलेले असतील. तसं काही नव्हतं. ते चिडले होते.

"ती असती तर पहिल्या मिनिटाला बोलली असती," ते म्हणाले. "खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलली असती. अक्कल गहाण टाकली होती का, म्हणाली असती. आता कुणी काही म्हणतच नाही. सगळे माझ्याशी हळू बोलतात. भाजी खारट आहे म्हटलं तर तुला आनंद होतो. मी काय आजारी आहे? मी पाहुणा आहे या घरात?"

इतके महिने मी त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपलं होतं, आणि कपाटात ठेवलेल्या भांड्याला काय वाटतं ते मला कधी सुचलंच नव्हतं.

आणि मग मला जो राग आला, तो पंधरा दिवसांचा होता.

"होतीच गहाण टाकलेली!" मी म्हटलं. "जन्म पाण्यात काढलात आणि पाणी गोठतं हे आठवलं नाही? मँचेस्टर म्हणजे काय सोलापूर आहे? गाडी कुणाची? माझी! मला विचारायचं नाही? चांगलं महागाचं अँटीफ्रीझ गटारात ओतलंत, वर गंगाजल! त्या गंगेला तरी काय वाटलं असेल! आणि नंतर क्लच! सकाळी क्लच, संध्याकाळी क्लच! मंडळात त्या बाईसमोर क्लच, जिला हँडब्रेक कुठे असतो ते माहीत नाही, ती मला पाठीवर हात फिरवून समजावते! आणि तुम्ही तिथे बसून माझाच मसालेभात दुसऱ्यांदा वाढून घेता!"

"तिसऱ्यांदा," बाबा म्हणाले.

"गप्प बसा!" मी सासऱ्यांना म्हटलं. असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. बाबांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला, खुर्ची ओढून घेतली आणि व्यवस्थित, बैठक मारून बसले. मुंबई-पुण्याकडचे पुरुष गरम जेवणाच्या ताटासमोर बसतात तसे.

आरडाओरडा ऐकून नवरा धावत आला. दारात उभा राहून त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. "काय झालं? व्हॉट्स गोइंग ऑन?"

"बोलणी खातोय," बाबा म्हणाले. "गाडी मी घालवली, हिनं नाही. तू मध्ये बोलू नकोस. तिचं अजून संपलेलं नाही."